दुसऱ्या हाताची सवय

मिरग निघायच्या आधी आमच्याकडं घरोघर पावसाळ्याची बेगमी सुरू होते. शेणी रचून त्यावर पिंजर घालायची, जळण पडवीत घ्यायचं, वैरण झाकायची, मीठ-मिरची, डाळ, काड्यापेट्या डब्यांत भरून ठेवायच्या. राधानगरीकडचा पाऊस ज्यांनी बघितला नाही त्यांना हे सगळं जास्तीचं वाटेल. पण इथं पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि अंगावरचं धोतर चुलीवर धरून वाळवावं लागतं.

गेल्या काही वर्षांत आमच्या बेगमीत आणखी एक जिन्नस आला आहे. माजघरातल्या खुंटीला एक पिशवी असते. युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक स्वच्छ धुऊन, वाळवून मी तिच्या आत घातलंय, म्हणजे पाणी लागू नये. त्यात मालकिणीची पंधरा दिवसांची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, तिचा अलीकडचा फोटो, दोन लुगडी, टॉवेल, बॅटरी, बिस्किटाचे पुडे आणि एक शंभर पानी वही. फोन नंबरसुद्धा वहीत पेनानं लिहिलेत. पुरात लाइट गेली की मोबाइल दुसऱ्या दिवशी मरतो, आणि त्याच्याबरोबर सगळे नंबरही जातात. माझ्या पोराचा नंबर मला आजही तोंडपाठ नाही.

आमच्या मालकिणीला विसरण्याचा आजार आहे. साठीला टेकली तेव्हा सुरू झाला. दूध काढून आली, चरवी ठेवली आणि दुसरी चरवी घेऊन पुन्हा गोठ्याकडं निघाली. मी म्हटलं, "अगं, आत्ताच काढलंस न्हवं?" तर माझ्याकडं अशी बघाय लागली की मीच काहीतरी वेड्यासारखं बोललोय. पुढं आमटीत मीठ दोनदा पडाय लागलं. डेअरीच्या पुस्तकावरची सही यायची बंद झाली. खातं तिच्या नावावर, त्यामुळं आधी ते निस्तरावं लागलं. गावात म्हणाले, चळ लागला. कुणी म्हणालं, बाहेरचं बघा. कोल्हापूरला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी अल्झायमर असं नाव सांगितलं. हे नाव एका जर्मन डॉक्टरचं. त्यानं १९०६ साली असली एक बाई पहिल्यांदा जगापुढं मांडली. म्हणजे शाहू महाराजांचं आमच्या धरणाचं काम सुरू व्हायच्या आसपासची ही गोष्ट. एवढ्या वर्षांत धरण होऊन जुनं झालं, पण या आजाराला मुळापासून घालवणारं औषध अजून आलेलं नाही. देशपातळीवरच्या अलीकडच्या एका पाहणीचा अंदाज असा आहे की साठीच्या वरच्या शंभर माणसांत सात-साडेसात जणांना हा किंवा असलाच आजार असावा. त्यातही पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याच गावात मी मनातल्या मनात मोजली तर पाच-सहा माणसं निघाली. त्यांच्या घरचे नाव घेत नाहीत इतकंच.

पोरगा चाकणला कंपनीत, लेक कागलकडं दिलेली. घरात आम्ही दोघंच. तिची वेणी मी घालतो, आंघोळ मी घालतो. सुरुवातीला बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसायच्या, आता सवय झाली.

या आजारात रोजचं काम जड आहेच, पण ते अंगवळणी पडतं. खरा घोर असतो तो एकाएकी काही घडलं तर याचा. ती निघून गेली तर, पूर आला तर, आणि मीच आडवा झालो तर. या तिन्ही वेळा आमच्यावर येऊन गेल्या, म्हणून लिहितोय.

पहिलं निघून जाणं. तिचं माहेर दूधगंगेच्या काठावर होतं. काळम्मावाडीचं धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. माणसं उठून खाली वसाहतीत राहायला गेली. आमचं लग्न त्याच्या आधीचं. पाणी चढलं तेव्हा ती काठावर उभी राहून रडली होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता ते तिच्या ध्यानात नाही. दिवस कलला की तिची चुळबुळ सुरू होते. "मी जातो गावाला, आई वाट बघत आसंल." आणि निघते. या आजाराची माणसं तिन्हीसांजेला जास्त बिथरतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ती वाटेल तिकडं जात नाही. जिथं आयुष्याचा मोठा भाग गेला, तिकडंच पाय वळतात. कुणी जुन्या घराकडं जातं, कुणी जुन्या कामाच्या जागी. आमच्या वरच्या आळीतला एक निवृत्त एसटी कंडक्टर पहाटे उठून स्टँडवर जाऊन उभा राहायचा. त्यामुळं माणूस हरवलं तर चारी दिशांना पळण्याआधी, त्याच्या मनात गाव कुठलं आहे ते आठवावं. आमची मालकीण दक्षिणेकडच्या पायवाटेलाच लागते. त्या वाटेवर दोन घरं आहेत आणि एक पिठाची गिरणी. तिन्ही ठिकाणी मी स्वतः जाऊन सांगून ठेवलंय की एकटी दिसली तर हटकू नका, "वाईच बसा, च्या घ्या" म्हणा आणि मला फोन करा. आजवर चार वेळा असा फोन आलाय. दाजीपूरच्या जंगलातले गवे पावसाळ्यात खाली शेतात उतरतात, अंधारात त्या वाटेला माणूस सापडणं बरं नव्हं.

रोज सकाळी तिला कुठलं लुगडं नेसवलं ते मी ध्यानात ठेवतो. नंबर लिहिलेली पट्टी लुगड्याच्या काठाला आतून शिवलीय. गळ्यात बिल्ला घातला होता, तिनं तो काढून म्हशीच्या दाव्याला बांधला. आमच्या पाव्हण्यानं सुचवलं, जत्रेत गोंदून घ्या नंबर. मी म्हटलं, तिच्या हातावर माझं नाव गोंदलेलं आहे, तेवढं पुरे. आणि एक गोष्ट कुणालाही सांगतो. माणूस हरवलं की पोलिसांत जायला चोवीस तास थांबावं लागतं अशी गावात समजूत आहे. असला काही नियम नाही. तासाभरात सापडलं नाही तर सरळ ११२ ला फोन लावायचा, फोटो दाखवायचा आणि हे माणूस स्वतःचं नाव सांगू शकणार नाही हे आधी बोलायचं.

दुसरा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. ते सगळं खालचं. पण पंचगंगेत पाणी येतं कुठनं? आमच्या भोगावतीतनं, कुंभी-कासारीतनं, तुळशीतनं. खालच्या आळीत गुडघाभर पाणी आलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. आम्हाला शाळेत हलवलं. पोरांनी फार धावपळ केली, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. पण एका खोलीत चाळीस माणसं, रडणारी पोरं, जनरेटरची घरघर, अनोळखी तोंडं. मालकीण भिंतीला पाठ लावून रात्रभर ओरडत होती, "माझं घर कुठं हाय? ही माणसं कोण?" माझ्या हाताचा चावा घेतला. लोक म्हणाले, हिला बाहेर व्हरांड्यात न्या. बाहेर पाऊस. तिसऱ्या दिवशी तिच्या झोपेच्या गोळ्या संपल्या. रस्ते बंद, तालुक्याच्या दुकानात माल नाही. ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. औषधं मिरगाच्या आधीच पंधरा दिवसांची जादा आणून ठेवायची, आणि संपायला आली की पुन्हा भरायची. दुसरं म्हणजे कधी हलायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. पाणी दारात आल्यावर माणूस विचार करत बसतो. जरा थांबूया, उतरंल, असं म्हणतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या जोरावर आपसूक उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही, रात्रीअपरात्री उघडतात. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. एक-दोन दरवाजे उघडले तर आमच्या गावाला फार फरक पडत नाही. मी ठरवलं, तिसरा दरवाजा उघडल्याची बातमी आली की आम्ही हलणार. पाऊस थांबलेला असो, लोक हसोत. आणि रात्री बातमी आली तर उजाडायची वाट बघायची, कारण तिला अंधारात हलवणं म्हणजे आगीत तेल. नदी आणि आमचं दार यांत तेवढी उसंत मिळते, हे मी दोन पावसाळे काठी रोवून मोजलंय. ज्यांचं घर काठालाच आहे त्यांनी पहिल्याच दरवाज्याला उठावं.

जायचं कुठं, तर शाळेत नाही. माळावर माझ्या चुलतभावाचं घर आहे, तिथली एक खोली त्यानं दिली. पण नुसती खोली मिळून भागत नाही. ती जागा तिच्या डोळ्यांखालची पाहिजे. म्हणून महिन्यातनं एकदा, साधारण अमावस्येच्या सुमाराला शेतात कामं बंद असतात तेव्हा, मी तिला तिकडं जेवायला घेऊन जातो. तिची एक जुनी वाकळ तिथं ठेवलीय. बसायची जागा ठरलेली, खिडकीजवळ. गेल्या वर्षी ती आपणहून जाऊन त्या जागी बसली. जागेचं नाव सांगता आलं नसतं, पण पायांना ती ठाऊक झाली होती.

२०२१ च्या जुलैत तिसरा दरवाजा उघडायची वेळ आली. प्रश्न होता तिला घरातनं उठवायचं कसं. "पूर आलाय, चल" म्हटलं असतं तर ती उंबऱ्याला धरून बसली असती. मी म्हटलं, "चल, गावाला जाऊया." लगेच उठली. पदर खोचला, कोनाड्यातली फणी घेतली आणि माझ्या पुढं चालाय लागली. माळावर पोचेपर्यंत गाव विसरली, खिडकीत बसून चहा प्याली. लेकीला हे कळल्यावर ती फोनवर नाराज झाली. "बाबा, आईला असं फसवू नगासा. ज्या गावात ती कधी पोचणारच नाही, तिथलं नाव घेऊन तिला हलवायचं?" लेकीचं दुःख मला समजतं. माहेर बुडाल्याचं दुःख तिलाही आईकडनंच मिळालंय. पण मी माझ्या जागी ठाम आहे. तिला खरं सांगायचं म्हणजे दरवेळी ते गाव तिच्यादेखत पुन्हा बुडवायचं. ते मी एकदा बघितलंय, बास झालं. आमच्यात यावर अजून एकमत नाही. नसू दे.

तिसरी वेळ माझ्यावर आली, आणि बोलायचं आहे ते खरं तर हेच. पूर दरवर्षी येतोच असं नाही. पण सांभाळणारा माणूस कधीतरी पडणार, हे ठरलेलं आहे. आजारी माणसाची काळजी सगळे घेतात, पण सांभाळणाऱ्याच्या डोक्यात जे साठलेलं असतं ते त्याच्याबरोबर दवाखान्यात जातं.

म्हैस ज्याच्या हाताला लागलेली असते त्यालाच दूध देते. दुसरा बसला की पान्हा चोरते, लाथ झाडते. म्हणून शहाणा माणूस बाहेरगावी जायच्या दिवशी दुसऱ्याला कासेखाली बसवत नाही. आधी पंधरा-वीस दिवस दुसऱ्याला नुसतं शेजारी उभं करतो, मग वैरण टाकायला लावतो, मग पाठीवर हात फिरवायला, मग एक सड. आजारी माणसाची जनावराशी बरोबरी केली म्हणून कुणी रागावू नये. हे मला आमच्या मालकिणीनंच शिकवलंय, ती गोठ्यात पटाईत होती.

माझी धाकटी भावजय शेजारीच राहते. तिला मी म्हटलं, आठवड्यातनं दोनदा तासभर येऊन बस. काम काही करू नकोस. आधी ती नुसती बसायची, शेंगा फोडायची. मग चहा तिच्या हातनं द्यायचा. मग फणी. चार-पाच महिने गेले. दोघी जावांचं तरुणपणी फारसं जमत नव्हतं, चुलीवरनं भांडणं व्हायची, सगळ्या घरांत असतात तशी. मालकीण ती भांडणं विसरून गेली. भावजय विसरली नव्हती, तरी येत राहिली. आमच्याकडं नात्याची मोजदाद अशी होते, तोंडानं कुणी काही बोलत नाही.

आणि वही. वहीत मी नुसत्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या नाहीत. त्या चिठ्ठीवर असतातच. चहा कपातनं नको, बशीत द्यायचा. नावानं हाक मारायची नाही, आक्का म्हणायचं. आंघोळीचं पाणी डोक्यावर ओतायचं नाही, पायांपासून वर यायचं. सांजेला आरसा झाकायचा, त्यात तिला परकी बाई दिसते. ती गावाला निघाली की अडवायचं नाही, चार पावलं बरोबर चालायचं आणि मग "म्हशीला पाणी पाजून जाऊया" म्हणायचं. आणि जाड अक्षरात लिहिलंय, की एक-दोन दिवसांत एकदम फरक पडला, फारच बडबड किंवा गुंगी, तर हा आजार वाढलाय असं समजू नका. लघवीची जळजळ, ताप, पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, यातलं काही असेल. डॉक्टरला दाखवा. हे डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं आणि एकदा ते खरं ठरलं.

२०२३ च्या पावसाळ्यात बांधावर वैरण कापताना मला घोणस डसली. सकाळची वेळ. पुतण्यानं मोटरसायकलवर मधी बसवून दवाखान्यात पोचवलं, कुणी वर आवळून बांधलं नाही की भगताकडं नेलं नाही, म्हणून पाय वाचला. तिथनं १०८ च्या गाडीनं कोल्हापूरला. गाडीत पडल्या पडल्या मला एकच घोर होता, घरात मालकीण एकटी हाय. भावजयीला फोन लावला तर ती म्हणाली, "भावजी, वही काढलीया मी खुंटीची. तुम्ही गप पडा."

मी आठ दिवस कोल्हापुरात होतो. पोरगा चाकणहून आला, पण त्याला ती ओळखत नव्हती, तो जवळ गेला की आक्रसायची. त्यानं माझ्याजवळ बसावं आणि भावजयीनं आईजवळ, असं दोघांनी आपसात ठरवलं. ते बरोबर होतं. भावजय रोज सांजेला फोन करायची. दोन घास जास्त खाल्ले, झोपली, आज गावाला निघाली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "आज एक इचारलं आक्कांनी. तो म्हातारा दिसंना, कुठं गेला म्हणं." मी फोन कानाला धरून तसाच बसलो. तीन वर्षं तिच्या तोंडात माझं नाव नव्हतं, मला ती दादा म्हणायची, कधी पाव्हणं म्हणायची. पण घरात एक म्हातारा असायचा आणि तो आता नाही, एवढं तिला उमगलं होतं.

घरी आलो तेव्हा ती पडवीत शेंगा निवडत बसली होती. वर बघितलं आणि म्हणाली, "बसा पाव्हणं." मी बसलो.

आता वहीची तिसरी प्रत झालीय. एक खुंटीला, एक भावजयीकडं, एक माळावर. दर महिन्याला बघावी लागते, कारण ती बदलत जाते. आक्का म्हटलेलं आता चालत नाही, बाई म्हणावं लागतं. बशी हातात धरता येत नाही. जुनं खोडून नवं लिहितो आणि तारीख टाकतो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे आणि बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी दोन नंबर पहिल्याच पानावर आहेत, म्हाताऱ्या माणसांसाठीचा १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठीचा १४४१६. सरकारी आहेत, पैसे पडत नाहीत. दुसरा नंबर मी स्वतः रात्री एकदा लावला होता, माझ्यासाठी.

एक पान कोरं आहे. वर नुसतं लिहिलंय, "मी परत आलो नाही तर." डसल्यावर मी आठ दिवसांत परत आलो, पण माझं वयही सत्तरीकडं चाललंय. चाकणच्या दोन खोल्यांत ती राहील का, कागलला जावई काय म्हणतील, भावजयीच्या गुडघ्यांनी किती दिवस साथ द्यायची, जमिनीचा वाटा आणि डेअरीचा पैसा कुणाच्या हाती द्यायचा, हे माझ्या एकट्याच्या पेनानं लिहिण्यासारखं नाही. पोराला फोनवर विचारलं तर म्हणाला, "आण्णा, असलं कशाला बोलताय?" लेक रडाय लागली. म्हणून दोघांना मी दिवाळीला बोलावलंय, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. भावजयीलाही बसायला सांगितलंय. मालकीण तिथंच असेल, तिच्या खिडकीत.